माझा एसजीपीटी आणि सुधीरचा

माझ्या लिव्हरला काय झालं हे सांगायला एक पान पुष्कळ झालं असतं. रोज एक गोळी घेतो, सहा महिन्यांनी रक्त तपासतो, तळलेलं कमी खातो, बस. पण माझ्या आजाराची गोष्ट माझ्या रक्तापासून सुरू होत नाही. ती माझ्या धाकट्या भावाच्या, सुधीरच्या, एका रिपोर्टपासून सुरू होते, आणि तो रिपोर्ट वाचणारा मी होतो. ज्यांच्या घरात उद्या असा कागद येईल त्यांनी तो माझ्यासारखा वाचू नये, एवढ्यासाठी लिहितो आहे.

“सब यही बोलते हैं”

हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मला रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात तसं तपासलं. दुसऱ्या दिवशी मी आणि माझी बायको शोभा रिपोर्ट घेऊन सर्जनसमोर बसलो. खोलीचं दार सताड उघडं. बाहेर बाकावर आठ-दहा माणसं, त्यांत आमच्या कॉलनीतले दोघे. सर्जनने कागदावर पेनाने एक गोल काढला.

“एसजीपीटी एक सौ बारह. चालीस तक होना चाहिए. दारू पीते हैं?”

“कभी नहीं.”

“थोड़ी-बहुत? शादी-ब्याह में?”

“साहब, एक बूँद नहीं. ज़िंदगी में नहीं.”

तो हसला. कुत्सितपणे नाही; दिवसभर तेच उत्तर ऐकणारा माणूस हसतो तसा. “सब यही बोलते हैं, अंकल.”

माझे कान तापले. बाहेरचे दोघे एकमेकांकडे बघत होते की मला तसं वाटलं, कोण जाणे. शोभा मात्र जागच्या जागी उसळली, “भैया, ये तो चाय भी आधा कप पीते हैं!” सर्जन पुन्हा हसला, पण त्याने आणखी एक तपासणी लिहून दिली. त्याचे आभारच मानायला हवेत. संशय आला तरी त्याने पुढचं पाऊल टाकलं.

घरी येताना स्कूटरवर शोभा मागून म्हणाली, “जाऊ द्या न, डॉक्टर लोक सगळ्यांनाच विचारतात.” मला सुधीरचा चेहरा दिसत होता. हेच उत्तर त्याने मला दिलं होतं, याच सुरात. मी तर हसलोही नव्हतो.

दारूवाला टेस्ट

आमचे वडील नागपूरकडून इथल्या एका संरक्षण कारखान्यात भरती होऊन आले आणि आम्ही जबलपूरचे झालो. पुढे मीही कारखान्यात लागलो, एक्झामिनर म्हणून. तयार झालेला भाग गेजमध्ये घालायचा. बसला तर पास, अडकला तर नापास. पस्तीस वर्षं हेच. शोभा पोळ्या करताना म्हणायची, “आणा तुमचा गेज, लावा पोळीले!” घरातले सगळे कागद माझ्याकडेच यायचे: विम्याचे, शाळेचे, दवाखान्याचे. मला ते आवडायचं.

सुधीर माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. रिछाई या औद्योगिक भागातल्या एका छोट्या फॅक्टरीत वेल्डर होता. गळा असा गोड, की रविवारी विहारात वंदनेनंतर तो हार्मोनियम ओढून भीमगीत म्हणू लागला की घरी निघालेली माणसं चपला काढून पुन्हा आत यायची. आणि हो, तो प्यायचा. पाळी सुटली की चार दोस्त मिळून बसायचे. मुलगी झाली, प्रज्ञा, तेव्हा त्याने सोडली. तिला मांडीवर घेऊन विहारात सगळ्यांसमोर त्याने दारूपासून दूर राहण्याचं पाचवं शील एकट्याने म्हटलं. मी विहार समितीचा सचिव होतो. माझी छाती फुगली होती.

प्रज्ञा सहा वर्षांची असेल तेव्हा तो थकल्यासारखा दिसू लागला. जेवण नको, उजव्या बाजूला जड वाटतं. रिछाईतल्या एका डॉक्टरने रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट आला तसा तो माझ्याकडे घेऊन आला. एसजीपीटी १३८, सोबत लिव्हरचाच दुसरा आकडा, एसजीओटी, ८१, दोन्ही जाड अक्षरांत.

एसजीपीटी म्हणजे काय, मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका कंपाउंडरला विचारलं. तो औषधं मोजता मोजता म्हणाला, “अरे, वो दारूवाला टेस्ट है.” मला माझा गेज मिळाला.

“तू अजून पेऊन राहिला,” मी सुधीरला म्हणालो.

“नाही दादा. सहा वर्षं झाली. प्रज्ञाची शपथ.”

“मग हे कायचं आहे?”

“मले काय माहीत? म्हणून तर तुझ्याकडे आणला न.”

म्हणून तर तुझ्याकडे आणला. हे वाक्य मी तेव्हा ऐकलंसुद्धा नाही. मुलीची खोटी शपथ घेतो याचाच मला संताप आला.

पुढच्या रविवारी मी तो कागद विहारात नेला. नाव घेतलं नाही, असं मी पुढे किती वर्षं स्वतःला सांगत आलो. पण कागद हातात धरून, आपल्यातले काही जण शील म्हणतात आणि मोडतात, त्याचा हा लेखी पुरावा, असं मी बोललो, आणि सुधीर पहिल्या रांगेत हार्मोनियमपाशी बसला होता. कोणाला कळायचं राहिलं? त्याने भाता मिटला, झाकण लावलं आणि उठून गेला. पुन्हा विहारात आला नाही. पुन्हा गायला नाही.

महिन्याभराने तो दुसरा रिपोर्ट घेऊन माझ्या दारात उभा होता. “बघ दादा, महिनाभर वनितानं मले नजरेआड होऊ नाही दिलं. तिले विचार.” वनिता म्हणजे त्याची बायको. मी तिला विचारलं नाही. मी आकडा पाहिला: १४६.

“कमी कुठं झाला?” म्हणालो, आणि कागद परत दिला.

दोन वर्षांत त्याचं पोट फुगलं, पाय सुजले. मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा ड्युटीवरच्या डॉक्टरने विचारलं, कधीपासून पितो? सुधीर बोलायच्या अवस्थेत नव्हता आणि वनिता औषध आणायला खाली गेली होती. मी सांगितलं, “पंद्रह साल से.” ते केसपेपरवर लिहिलं गेलं. पुढे जो डॉक्टर आला त्याने ते वाचलं आणि मान हलवली. कोणालाच आणखी काही शोधायची गरज वाटली नाही. नवव्या दिवशी रक्ताची उलटी झाली आणि तो गेला. एकेचाळीस वर्षांचा होता.

एक गोष्ट लिहायला हात धजत नाही, पण ती गाळली तर बाकी सगळं खोटं ठरेल. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी भाषण केलं. दारूने एक गोड गळा कसा संपवला, हे मी भावाचं नाव घेऊन सांगितलं. लोक रडले. तीन-चार जणांनी तिथेच दारू सोडायची शपथ घेतली. माझं बोलणं चालू असताना वनिता उठली, प्रज्ञाचा हात धरला आणि बाहेर गेली. त्यानंतर सोळा वर्षं ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. मला वाटायचं, खरं बोललो म्हणून तिला झोंबलं.

घरात तोडफोड

सर्जनने लिहिलेली तपासणी पॉझिटिव्ह आली. हिपॅटायटिस बी. हर्निया बाजूला राहिला आणि मला लिव्हरच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. तरुण होत्या, माझ्या मुलाएवढ्या, पण घाई नव्हती त्यांना.

मी त्यांना पहिली गोष्ट सांगितली ती हीच, की मी पीत नाही.

“मैंने पूछा ही नहीं, अंकल,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला समजावलं, आणि साठी ओलांडल्यावर मला एसजीपीटी कळला. हा पदार्थ लिव्हरच्या पेशींच्या आत असतो. पेशी मोडल्या की तो बाहेर रक्तात येतो. “मतलब घर में तोड़फोड़ चल रही है. बस इतना बताता है. कौन तोड़ रहा है, ये नहीं बताता. दारू हो सकती है, वायरस हो सकता है, चर्बी, कोई दवाई, कुछ भी. वो हमें ढूँढना पड़ता है.”

कारखान्यात नापास भागावर मला कारण लिहावं लागायचं, आणि कारण मोजल्याशिवाय लिहिता येत नसे. अंदाजाने लिहिलं तर साहेब कागद तोंडावर फेकायचा. पस्तीस वर्षांत लोखंडाच्या एकाही तुकड्यावर मी अंदाजाने कारण लिहिलं नाही.

“घर में किसी को लिवर की बीमारी?” त्यांनी विचारलं.

“छोटा भाई था. दारू से गया.”

“पक्का?”

मी टेबलावरचा माझा रिपोर्ट सरळ करत राहिलो.

“और माँ?”

आई मी कारखान्यात लागलो त्याच वर्षी गेली. पोट फुगलं होतं. आम्ही जलोदर म्हणायचो. तिने तर आयुष्यात दारूची बाटली हातात धरली नव्हती. हे सांगताना मी काय सांगतोय ते माझं मलाच ऐकू आलं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. हा वायरस बाळंतपणात आईकडून मुलांना येतो, एकाला आला की सगळ्या भावंडांची तपासणी करावी लागते, तो वीस-तीस वर्षं गुपचूप बसून राहू शकतो, हे त्यांनी सांगितलं. “भाई के पुराने रिपोर्ट हों तो ले आइए,” त्या म्हणाल्या.

मी आणले नाहीत. आणायचे तर वनिताकडे जावं लागणार होतं.

बारा दिवस

तेवढ्यात माझं शरीरच पुढे धावलं. तिसऱ्या आठवड्यात लघवी मोहरीच्या तेलासारखी झाली, डोळे पिवळे. एसजीपीटी अकराशे चाळीस. ताबडतोब भरती.

हॉस्पिटलातले दिवस सगळ्यांचे सारखेच असतात. सहाला रक्त काढायला येतात, आठला बेस्वाद दलिया, दहाला डॉक्टरांचा राउंड, मग दिवसभर सलाइनचे थेंब. तोंडाला अशी कडू चव, की पाणीसुद्धा नको वाटायचं. अंगाला खाज. शोभा ओल्या पंच्याने पाठ पुसायची आणि रागवायची, “खाजवू नका म्हटलं न, काहून ऐकत नाही?” दुपारी मी डोळे मिटून पडलो की ती हळूच पदर तोंडाला लावायची. मला ते कळायचं.

मला भीती एकाच गोष्टीची होती. ढेकर आली तरी वाटायचं, आता रक्त येणार. मी खाटेखालचं भांडं सारखं पायाने जवळ ओढायचो. सुधीरच्या वेळी ते भांडं मी धरलं होतं.

पाचव्या दिवशी एक तरुण मुलगी डबा घेऊन खाटेपाशी येऊन उभी राहिली. मी ओळखलं नाही. “बड़े पापा, मैं प्रज्ञा.” बँकेत लागली होती. मराठी तिला कळते, बोलताना अडखळते. “मूग ची खिचडी आहे. आई ने बनवली... दिली आहे.”

“आईनं?”

“हाँ. बोली, तेल नाही टाकलं.”

मी ती खिचडी चमच्याने खाल्ली. बारा दिवसांतलं ते पहिलं जेवण, जे पोटात राहिलं. प्रज्ञा वाकून चादर सारखी करत होती तेव्हा मला तिचा बाप दिसला, तीच हनुवटी.

गोळी सुरू झाली होती. आकडा अकराशेवरून सहाशे, दोनशे, असा उतरत गेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळेत आलात.

फाईल

घरी आलो आणि आठवड्याने वनिताच्या दारात गेलो. तिने आत घेतलं, खुर्ची दिली, समोर उभी राहिली.

“वनिता, मले सुधीरचे रिपोर्ट पाहिजेत.”

ती आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. कापडात गुंडाळलेली एक पिवळी फाईल तिने माझ्या मांडीवर ठेवली. मग बोलली, आवाज न चढवता.

“मी रोज त्यांच्या तोंडाचा वास घेत होती, भाऊजी. रोज. घरात पाय ठेवला की पहिलं काम तेच. सहा वर्षांत एक दिवस नाही आला. मले कोणी विचारलंच नाही. तुम्ही नाही, डॉक्टरनं नाही, विहारातल्या लोकांनी नाही. मी वाट पाहून राहिली होती, कोणी तरी विचारंल म्हणून.”

ती फाईल घेऊन मी डॉक्टरबाईंकडे गेलो.

डॉक्टरबाईंनी फाईल माझ्यासमोर उघडली. पहिल्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, “देखिए, एसजीपीटी ज़्यादा है, एसजीओटी उससे कम. दारूवालों में अक्सर उल्टा दिखता है. ये सबूत नहीं है, पर मैं होती तो वायरस की जाँच ज़रूर लिखती.” म्हणजे जो कागद मी पुरावा म्हणून विहारात फडकवला, तो सुधीरच्या बाजूने बोलत होता. मी फक्त जाड अक्षरं पाहिली.

“उस वक़्त गोली थी?” मी विचारलं.

“थी, अंकल.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बच ही जाते, ये कोई नहीं कह सकता.”

त्या पुढचे कागद उलटू लागल्या. तिसरा, चौथा, पाचवा. मला वाटलं होतं दोनच असतील. अकरा होते. दर महिन्याला एक. माझ्या दारातून परत गेल्यावरही तो नऊ महिने जाऊन रक्त देत राहिला होता. प्रत्येक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने, त्याच्या वाकड्या अक्षरात, एकच ओळ.

“ये हर पेज पे क्या लिखा है?”

लिहिलं होतं, दादाला दाखवायचा.

मी त्यांना वाचून दाखवलं. आकडा खाली आला की घेऊन जाऊ, दादा मानेल, असं तो दर महिन्याला ठरवत असणार. दारू बंद होती, त्यामुळे आकडा उतरायलाच हवा, असं त्याला वाटत असणार. आकडा उतरला नाही, कारण तोडणारा दुसराच होता. शेवटी त्याला स्वतःवरच शंका आली असेल का? हा विचार मला सर्वांत जास्त छळतो.

विहार

वनिता, प्रज्ञा, शोभा, आमचा मुलगा, सगळ्यांची तपासणी झाली. कोणालाच वायरस नाही. सगळ्यांना लस दिली. या आजारात मला मिळालेली सगळ्यांत मोठी दया हीच.

मग एका रविवारी वंदना झाल्यावर मी विहारात उभा राहिलो. फाईल हातात होती. माझा भाऊ सुधीर दारूने गेला नाही, त्याने घेतलेलं शील मोडलं नाही, त्याच्यावर मी खोटा आळ घेतला, एवढंच बोललो. तेही धड बोललो नाही. आणि झालं काय, तर निम्म्या लोकांना कळेचना मी कोणाबद्दल बोलतोय. जुनी माणसं काही गेली, काही मुलांकडे राहायला गेली. मागे एकजण शेजारच्याला विचारत होता, “कौन सुधीर?” ज्या लोकांसमोर त्याचं नाव घालवलं ते लोकच उरले नव्हते. बदनामी वेळेवर झाली. माफीला उशीर झाला.

मेश्रामकाका तेवढे होते, ऐंशीच्या घरातले. काठी टेकत माझ्यापाशी आले. “तुमचं भाषण ऐकून मी सोडली होती बापा, त्याच्या पुण्यानुमोदनाले. घरी जाऊन बायकोले सांगतलं, सुधीरसारखं मले मरायचं नाही.” माझा हात धरून म्हणाले, “मग माफी मीबी मागाले पाहिजे न त्याची?”

वनिता आली नव्हती. प्रज्ञा शेवटच्या रांगेत बसली होती.

तुमच्या घरात असा रिपोर्ट आला तर एवढंच करा. आकड्यावरून माणसाचा निकाल लावू नका. डॉक्टरांना विचारा, हे कशामुळे, आणि ते शोधायला कुठली तपासणी. आणि जो माणूस तो कागद घेऊन तुमच्याकडे आला आहे, तो काय म्हणतो ते आधी ऐका.

मागच्या महिन्यात माझा रिपोर्ट आला. एसजीपीटी ३४. गोळी सुरू झाल्यावर पहिल्यांदाच चाळीसच्या आत. मी तो घेऊन वनिताकडे गेलो, फाईलही परत द्यायची होती. तिच्यासमोर बसून मी माझा कागद सुधीरच्या अकराव्या कागदामागे लावला. खिशातून पेन्सिल काढली आणि वरच्या कोपऱ्यात लिहिलं, सुधीरला दाखवायचा.

वनिताने फाईल हातात घेतली. ती ओळ वाचली. मग बोट आकड्यावर नेलं.

“उतरला न?”

“उतरला. गोळीनं.”

तिने माझा कागद उलटून सुधीरचा अकरावा कागद वर घेतला.

“यांचाही उतरला असता न, भाऊजी?”

“हो,” मी म्हणालो. “उतरला असता.”